सुऱ्यास पत्र

प्रिय सुऱ्या,

आईची तब्येत ठीक, माझी सांगतो. घरात सांगितलं की सगळे घाबरतात, म्हणून तुला लिहितोय.

मागच्या महिन्यात रात्री छातीत धडधड सुरू झाली ती थांबेचना. नाडी धरली तर हलगीवाल्याचा हात सुटल्यासारखे ठोके. ईसीजीत एट्रियल फिब्रिलेशन निघालं, म्हणजे हृदयाच्या वरच्या कप्प्यांचा ठोका बेताल होणं. रक्त पातळ ठेवायची गोळी सुरू झाली, ते चालेल. पण हार्टचे डॉक्टर फाइल चाळत म्हणाले, "टेस्टोस्टेरॉन घेता? या वयात कशाला? बंद करा." लेका, मी काय हौसेनं घेतोय? मेंदूखालच्या पिट्युटरी ग्रंथीच्या ऑपरेशननंतर अंगात ते पुरुषी हार्मोन तयारच होत नाही. ते वर्ष तू बघितलंयस. खासबागेत कुस्ती रंगात आलेली आणि मी तुझ्या खांद्यावर झोपलेलो. वर तूच माझ्यावर चिडलास! त्या दिवशीचं तिकीट मी काढलं होतं, पैसे अजून यायचेत.

हार्मोनचे डॉक्टर म्हणतात, पूर्ण बंद केलं तर हाडं ठिसूळ होतील, अंगात त्राण राहणार नाही. दोघांचंही खरं आहे, म्हणून तर झोप लागत नाही. २०२३ साली ट्रॅव्हर्स नावाचा मोठा अभ्यास छापून आला, पाच हजारांवर पुरुषांचा, टेस्टोस्टेरॉनची कमतरता असलेले आणि हृदयाचा धोका असलेले. हार्ट अटॅक, पक्षाघात औषधानं वाढले नाहीत. पण एट्रियल फिब्रिलेशन आणि फुप्फुसातली गुठळी जास्त दिसली. म्हणजे माझ्या नेमक्या दुखण्यावरच बोट.

शिवाय या औषधानं रक्त दाट होतं. हेमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातल्या लाल पेशींचं प्रमाण, ५४ टक्क्यांच्या वर गेला की औषध थांबवतात. माझा ५२ आला. आधी सुई घ्यायचो; तिच्यानंतर औषधाची पातळी एकदम चढते, म्हणून आता रोज जेल दिलंय. खांद्यावर चोळायचं, हात धुवायचे, वाळून वर सदरा चढेपर्यंत नातीला जवळ घ्यायचं नाही, तिच्या अंगाला लागू नये म्हणून. ती दारातूनच विचारते, "आजोबा, वाळलं का?"

मेडिकलवाला पोरगा मात्र गालात हसतो. त्याला वाटतं तालमीतल्या पोरांसारखं ताकदीसाठी चाललंय. मला जिना चढून वर आल्यावर बोलायला दम उरावा, एवढंच पाहिजे रे.

ठोका परत बिघडला तर हेही बंद करतील, ही एकच भीती. त्या वर्षीचा मी मला परत नकोय.

वहिनींचा गुडघा कसा आहे? धाकट्याचं पुण्यात जमलं का? कळव.

आणि पुढच्या तपासणीला तू ये. डॉक्टरांपुढं मला नीट सांगता येत नाही. औषधाआधी मी कसा होतो, ते तू सांग.

तुझा,
बाळ्या