ज्येष्ठांची साखर किती खाली आणायची?

वयस्कर मधुमेहींच्या पेशींतील डीएनएच्या हानीविषयीचा आपल्या आरोग्य पुरवणीतील लेख वाचला. रक्तातील साखर सतत वाढलेली राहिली की पेशींत मुक्त मूलके (फ्री रॅडिकल्स, म्हणजे इतर रेणूंना इजा करणारे अस्थिर कण) जादा तयार होतात, ती डीएनएतील ग्वानिन या घटकावर घाव घालतात आणि त्या हानीची खूण लघवीतही मोजता येते, हे लेखकाने सोप्या भाषेत मांडले आहे. मात्र ‘साखर जितकी कमी तितके चांगले’ हा त्यांचा निष्कर्ष सत्तरी ओलांडलेल्यांसाठी धोक्याचा आहे.

अमेरिका व कॅनडातील ‘अ‍ॅकॉर्ड’ चाचणीत १० हजारांहून अधिक रुग्ण होते. त्यांपैकी एका गटाची एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांतील सरासरी साखर दाखवणारी रक्ततपासणी) ६ टक्क्यांखाली आणण्याचा प्रयत्न झाला. त्या गटात मृत्यू जास्त झाल्याने २००८ मध्ये ते कडक उपचार मुदतीआधीच थांबवावे लागले. इन्सुलिन घेणाऱ्या वृद्धाची साखर पहाटे ७० च्या खाली गेली, तरी घाम, थरथर ही लक्षणे अनेकदा जाणवतच नाहीत. एकदम तोल जातो, बोलणे असंबद्ध होते आणि घरचे त्याला म्हातारपण समजतात! म्हणूनच अनेक व्याधी असलेल्या वृद्धांसाठी ‘अमेरिकन डायबेटिस असोसिएशन’ एचबीएवनसीचे ८ टक्क्यांखालचे उद्दिष्ट पुरेसे मानते.

डीएनएच्या हानीची तपासणी आज मुख्यतः संशोधनापुरतीच आहे. तिच्या धास्तीने कोणी परस्पर गोळ्या वाढवू नयेत. साखर उतरण्याच्या धोक्याविषयीही पुरवणीत तितक्याच ठळकपणे लिहावे, ही विनंती.

– एक वाचक