बाई, त्या ‘फेर्रो’साठी

प्रिय बाई,

सादर नमस्कार.

इटालियनमधलं पत्र तुम्हाला वेगळं पाठवलंच आहे. हे मराठीतलं, आपल्याकडे इटालियन शिकणाऱ्या मुलांनीही वाचावं म्हणून सगळ्यांसमोर लिहितेय. इटलीतल्या पेरुजात मी तुम्हाला ‘प्रोफेस्सोरेस्सा’ म्हणायचे, पण मनात तुम्ही पहिल्या दिवसापासून बाईच होतात.

पुण्याहून आले तेव्हा व्याकरण तोंडपाठ होतं. पण बेकरीत उभी राहिले की शब्द फुटायचा नाही. बोटाने पाव दाखवायचा, पैसे ठेवायचे आणि बाहेर पडायचं. तुमच्या ते लक्षात आलं. तुम्ही एका शब्दाने बोलला नाहीत, फक्त इटालियन नाटककार गोल्दोनीच्या ‘ला लोकांदिएरा’ या नाटकाची संहिता माझ्या हातात ठेवलीत. भूमिका मिरांदोलिनाची, फ्लोरेन्समधल्या सराईच्या मालकिणीची. नाटक 1753 सालचं. त्याआधी मुखवटे घातलेले नट नुसत्या कथानकावर ऐनवेळी संवाद रचायचे, आपल्या तमाशातल्या बतावणीसारखे. गोल्दोनीने ते बांधून लिहिले, हे तुम्ही आम्हाला आधी मुखवटे घालायला लावून शिकवलंत.

तिसऱ्या अंकातला इस्त्रीचा प्रवेश मी जन्मात विसरणार नाही. मिरांदोलिना तिच्या नोकराला, फाब्रित्सिओला सांगते, ‘पोर्तातेमी इल फेर्रो काल्दो’, तापलेली इस्त्री आणून द्या. मी दरवेळी ‘फेरो’ म्हणायचे. फळ्यावर जोडाक्षर लिहून दाखवणारे शिक्षक मला आधीही भेटले होते. तुम्ही टेबलावर चादर पसरलीत, थंड इस्त्री माझ्या हातात दिलीत आणि म्हणालात, कापडावर दाबून धर, हात उचलेपर्यंत ‘र’ सोडू नकोस. त्या संध्याकाळी चाळीसेक वेळा तरी दाबली असेल. तेव्हापासून ‘सेते’ म्हणजे तहान आणि ‘सेत्ते’ म्हणजे सात, यात माझी गफलत झालेली नाही.

आणि ते संबोधन! पुस्तकात जवळिकीचं ‘तू’ आणि अदबीचं ‘लेई’ असा दोन ओळींचा तक्ता असतो. इथे नाटकात मिरांदोलिना नोकराला ‘वोई’, म्हणजे ‘तुम्ही’ म्हणते आणि उमराव पाहुण्यांशी तृतीयपुरुषी अदबीने बोलते. मला ते चटकन उमगलं, कारण तू, तुम्ही आणि आपण यांतलं अंतर घरातच कानावर पडलेलं होतं. मराठीतलं काही इटालियनमध्ये उपयोगी पडेल, हे तोवर मला कुणी सांगितलं नव्हतं. तुम्ही मात्र तालीम थांबवून माझ्याकडून ते अख्ख्या वर्गाला समजावून घेतलंत. मागच्या बाकावरची मी त्या दिवशी फळ्यापाशी उभी होते.

प्रयोगानंतरच्या सोमवारी बेकरीत गेले, पाव मागितला, कालचा आहे का आजचा तेही विचारलं. काउंटरवरच्या आजी उत्तर देताना मला ‘तू’ म्हणाल्या. त्यांचा आणि आपला ‘तू’ अगदी एकच, बाई. रस्त्यात येऊन मी रडले.

आता मी पुण्यात शिकवते. येत्या शनिवारी माझी सात मुलं तोच प्रवेश करताहेत. इस्त्री आमच्या गल्लीतल्या इस्त्रीवाल्या काकांकडून मागून आणलीय, जुनी, कोळशाची, चांगली जड आहे. ‘र’ आपोआप लांबतो.

तुमची,
मिरांदोलिना