फुंकणी कधी बाजूला पडली?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आरोग्याच्या पानावर फुफ्फुसाच्या आजारांची लक्षणं छापून येतात, त्यांची कात्रणं मी काढून ठेवते. दोन आठवड्यांहून जास्त खोकला, बेडक्यातून रक्त, धाप, उतरलेलं वजन, छातीत वाजणारी शीळ. यादीत चूक काही नाही. तरीही ती आमच्या घरात चार वर्षं कपाटातच राहिली, कारण माझ्या सासूबाईंना यातलं काहीच 'होत नव्हतं'. थंडीत खोकायच्या, पण थंडीत कोण खोकत नाही?

आम्ही त्यांना आत्या म्हणतो. वय 67. बिडी-सिगारेट त्यांनी कधी हातात धरली नाही. मशेरी लावायच्या, तीही नातीच्या धाकानं सोडली. मात्र लग्न होऊन आल्यापासून चाळीसेक वर्षं त्यांनी बिनधुराड्याच्या चुलीपुढं काढली. काटक्या, गोवऱ्या, पावसाळ्यात ओली सरपणं. धूर कौलांतून जाईल तेवढा जायचा, बाकीचा घरातल्यांचा. गॅस आला तो चहा आणि पाहुण्यांपुरता. अंघोळीचं पाणी आणि भाकरी परवापर्यंत चुलीवरच होती.

आज मागं वळून पाहिलं की कळतं, पहिली खूण फुंकणीनं दिली होती. आत्या चूल फुंकायला बसल्या की दोन फुंकांत जाळ धरायचा. पुढं कधीतरी फुंकणी भिंतीला टेकून राहिली आणि त्यांच्या हातात पुठ्ठा आला. पुठ्ठ्यानं वारा घालायच्या. मी विचारलं तर म्हणाल्या, "फुंकून डोळ्यांत राख जाते गं." मला पटलं. नंतर विहिरीवरचा हंडा माझ्याकडं आला, माळ्यावरचं उतरवायचं काम मुलाकडं गेलं. भांडी बसून घासणं बंद झालं, कारण वाकलं की छाती दाटायची. तेही त्यांनी सांगितलं नाही. मोरीत उंच दगड आणून ठेवला, एवढंच.

आणि वारी. आमच्या दिंडीत आत्या पुढच्या रांगेत असत, आवाज खणखणीत. दिवे घाट चढताना एका वर्षी त्या मागच्या रांगेत दिसल्या, पुढच्या वर्षी दिंडीच्या शेवटी. अभंगाची ओळ मध्येच सोडून द्यायच्या आणि पुढची ओळ इतरांबरोबर उचलायच्या. सपाट रस्त्यावरसुद्धा बरोबरीच्या बायका पुढं निघून जायच्या. आम्ही सगळे काय म्हणालो? वय झालं. मीही म्हणाले, आणि मी बारावीपर्यंत सायन्सला होते.

खोकला फार झाला तेव्हा गावातल्या दवाखान्यात नेलं. टीबी आहे का म्हणून थुंकी तपासली. ते योग्यच होतं, आपल्याकडं तो धोका आधी बाजूला काढावाच लागतो. छातीचा एक्स-रे स्वच्छ आला. बोटाला ऑक्सिमीटर लावला, 97. "काही नाही, ताकदीच्या गोळ्या घ्या." कोविडनंतर आपल्या सगळ्यांचा त्या चिमट्यावर फार विश्वास बसलाय. धुरानं आवळलेल्या श्वासनळ्यांच्या आजारात, म्हणजे सीओपीडीत, सुरुवातीला बसल्या जागचं ऑक्सिजन चांगलं असू शकतं आणि एक्स-रेत काही न दिसणंही नेहमीचं. हे मला दुसऱ्या डॉक्टरांकडून समजलं, तोवर दोन वर्षं गेली होती.

त्या डॉक्टरांनी आधी आत्यांची नखं पाहिली. दोन्ही हातांची सारखी बोटं नखाला नख लावून धरायला सांगितली. मध्ये पत्त्यांतल्या चौकटसारखी बारीक फट दिसायला हवी. नखं फुगून ती फट बुजली असेल तर फुफ्फुसाचा किंवा हृदयाचा दुसराच काही आजार शोधावा लागतो. आत्यांची फट दिसत होती. मग स्पायरोमेट्री. छाती भरून श्वास घ्यायचा आणि नळीत जोरात, सलग, निदान सहा सेकंद फुंकायचं. आत्यांनी नळी हातात घेतली ती नेमकी फुंकणीसारखी, तिरकी. "ही काय फुंकणीच की," म्हणाल्या आणि फुंकता फुंकता खोकत बसल्या. पंपाचं औषध देऊन पंधरा-वीस मिनिटांनी पुन्हा फुंकायला लावलं. सगळ्या हवेतली किती हवा पहिल्या सेकंदात बाहेर पडते ते यात मोजतात. पंपाच्या औषधानंतरही ती 70 टक्क्यांच्या खाली राहिली तर नळ्या आवळलेल्या आहेत असं धरतात. आत्यांची निम्मीसुद्धा नव्हती. गेलेलं परत येणार नाही, आहे ते टिकवायचं, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं.

त्याच डॉक्टरांनी सांगितलेली गोष्ट मला हे पत्र लिहायला बसवते. दम किती लागतो हे मोजायची जगभर वापरली जाणारी एक पट्टी आहे. ती मुळात 1950 च्या सुमारास ब्रिटनमध्ये, वेल्सच्या कोळसा खाणकामगारांच्या तपासणीतून तयार झाली. तिच्यात 'दम लागतो का?' एवढ्यावर भागवत नाहीत. विचारतात, सपाट रस्त्यावर बरोबरीच्या माणसांच्या मागं पडता का? शंभरेक मीटर चालून थांबावं लागतं का? कपडे बदलताना धाप लागते का? त्या खाणकामगारांना विचारलेला प्रश्न आमच्या दिंडीला जसाच्या तसा लागू पडला.

आपल्याकडं आशाताई तीस वर्षांवरच्या सगळ्यांचा फॉर्म भरतात. त्यात दम लागतो का हे आहे, दोन आठवड्यांहून जास्त खोकला आहे का हे आहे आणि स्वयंपाकाला कोणतं जळण वापरता हेही आहे. ज्यानं कुणी तो रकाना घातला त्याला माझा नमस्कार. आत्यांचाही फॉर्म भरला होता. जळण : लाकूड, गोवऱ्या. दम लागतो का : नाही. त्यांनी खोटं सांगितलं नव्हतं. ज्या ज्या कामानं दम लागतो ते काम त्यांनी आधीच सोडलं होतं, मग दम लागणार कशाला? तिथं 'गेल्या दोन-तीन वर्षांत कोणतं काम करायचं सोडलं?' एवढं विचारलं असतं, तर मोरीतल्या दगडासकट सगळं बाहेर आलं असतं. आशाताईंना दोष नाही, त्यांच्या डोक्यावर कामाचा डोंगर आहे. प्रश्न बदलायला मात्र पैसे लागत नाहीत.

पैसे लागतात ते पुढच्या गोष्टीला. 'जळण : लाकूड' असं लिहिलेल्या बाईला फुंकायला पाठवायचं कुठं? आम्हाला जिल्ह्याच्या गावी जावं लागलं आणि एक दिवसाची मजुरी बुडाली. निदान ग्रामीण रुग्णालयात आठवड्यातून एक दिवस स्पायरोमेट्री व्हावी. वारीच्या वाटेवर रक्तदाब आणि साखर तपासणारी पथकं असतात. त्यांच्याकडं फुंकून मोजायचा साधा पीक फ्लो मीटर ठेवला, तर नक्की निदान नाही झालं तरी कुणाला पुढं पाठवायचं ते कळेल. आणि दिंडीच्या शेवटी रेंगाळणाऱ्या बायका कोण, हे प्रत्येक विणेकऱ्याला तोंडपाठ असतं.

आत्या आता पंप घेतात. 'सवय लागेल' म्हणून सहा महिने टाळला, मग माझ्या आईचा चष्मा दाखवून विचारलं, हिला चष्म्याची सवय लागली म्हणायची का? तेव्हा हसल्या आणि तोंडाला लावला. चूल अंगणात गेली, पाणी गॅसवर तापतं, सिलिंडरचा खर्च बोचतो. यंदा उभ्या रिंगणाला चांदोबाच्या लिंबापर्यंत त्या आमच्याबरोबर आल्या, वाटेत चार वेळा बसून. तिथून त्यांना गाडीनं परत पाठवलं. फुंकणी अजून भिंतीला टेकलेली आहे, टाकून देऊ देत नाहीत.

आपली,
एक वाचक, ता. फलटण, जि. सातारा