तयार उत्तर

चि. लेकीस,
अनेक आशीर्वाद.

मागच्या रविवारी फोनवर बोलता बोलता तू सहज विचारलेस, "बाबा, मी पाचवीत असताना तुम्ही एकदा माझी कंपासपेटी फेकली होतीत. त्या दिवशी एवढे काय झाले होते?" मी क्षणाचाही विलंब न लावता सांगितले, "अगं, हलगर्जीपणा एकदा अंगवळणी पडला की पुढे जात नाही, म्हणून वेळीच बोललो." तू "हं" म्हणालीस आणि विषय बदललास. फोन ठेवल्यावर मात्र ते उत्तर माझ्या मनातून जाईना, कारण कंपासपेटी फेकली त्या रात्री तुझ्या आईने विचारले तेव्हाही मी हेच वाक्य, जवळजवळ याच शब्दांत, तिला ऐकवले होते. इतकी वर्षे लोटली तरी ज्या वाक्यातला एक शब्द इकडचा तिकडे झाला नाही, ते आठवणीतून आलेले नसते, ते पाठ केलेले असते. मी ते कधी पाठ केले आणि कशासाठी, याचा शोध गेले काही दिवस घेतो आहे.

स्वतःविषयीचे दुखरे सत्य नजरेआड ठेवण्यासाठी मन ज्या युक्त्या योजते, त्यांना मानसशास्त्रात संरक्षण यंत्रणा म्हणतात. मनोविश्लेषणाचे जनक सिग्मंड फ्रॉइड यांनी १८९४ सालच्या एका लेखात संरक्षणाची ही कल्पना मांडली आणि पुढे त्यांच्या लेखनात ती ठिकठिकाणी विखुरलेली राहिली. १९३६ मध्ये त्यांची कन्या ॲना फ्रॉइड यांनी या यंत्रणा एका पुस्तकात एकत्र आणून त्यांची नीट मांडणी केली. वडिलांच्या निरीक्षणांना मुलीने लावलेली ती शिस्त आहे, हे वाचताना मला तुझी आठवण झाली. दमन, नकार, प्रक्षेपण, विस्थापन, समर्थन अशी त्यांची नावे तू कुठे ना कुठे ऐकली असशील. त्यांतल्या दमनाविषयी, म्हणजे नकोशी आठवण मन आपसूक खोल गाडून टाकते या कल्पनेविषयी, संशोधकांमध्ये आजही मोठे मतभेद आहेत, म्हणून मी तिच्या वाटेला जात नाही. बाकीच्या यंत्रणा पाहायला प्रयोगशाळेची गरज नाही; त्या मला माझ्याच घरात, माझ्याच तोंडच्या वाक्यांत सापडल्या आहेत.

एक गोष्ट आधी स्पष्ट करतो, कारण तिथेच बहुतेकांची गल्लत होते. संरक्षण यंत्रणा म्हणजे खोटे बोलणे नव्हे. खोटे बोलणाऱ्याला खरे काय ते ठाऊक असते आणि तो ते दुसऱ्यापासून लपवतो. इथे ज्याच्यापासून लपवायचे तो आणि लपवणारा एकच असतो. म्हणून रविवारी मी तुला फसवत होतो असे मला वाटत नाही. ते उत्तर देताना माझा त्यावर पूर्ण विश्वास होता, आणि मला आज भीती वाटते ती त्या विश्वासाचीच.

हा विश्वास किती सहज तयार होतो, याचे एक उदाहरण मेंदूच्या अभ्यासात आहे. अपस्माराचे, म्हणजे फिट्सचे, झटके आवरत नसलेल्या काही रुग्णांवर पूर्वी एक शस्त्रक्रिया करत असत, तिच्यात मेंदूच्या दोन अर्धांना जोडणारा तंतूंचा पट्टा कापला जाई. मेंदूचे अभ्यासक मायकेल गॅझानिगा यांनी अशा रुग्णांचा अनेक वर्षे अभ्यास केला. एका प्रयोगात रुग्णाच्या डाव्या अर्धमेंदूला कोंबडीचा पंजा दाखवला आणि उजव्याला बर्फाने झाकलेले दृश्य, आणि समोरच्या चित्रांतून जुळणारी चित्रे निवडायला सांगितली. डाव्या अर्धमेंदूच्या ताब्यातल्या उजव्या हाताने कोंबडी निवडली. डाव्या हाताने, म्हणजे उजव्या अर्धमेंदूने, बर्फ उपसायचे फावडे निवडले. पण बोलतो तो डावा अर्धमेंदू. त्याने बर्फ पाहिलेच नव्हते. फावडे का निवडले असे विचारल्यावर त्याने 'माहीत नाही' म्हटले नाही. कोंबडीचे खुराडे साफ करायला फावडे लागते, असे त्याने तत्काळ सांगून टाकले. त्या रुग्णाला काही लपवायचे नव्हते, त्याच्या अब्रूचा तिथे प्रश्न नव्हता, म्हणून त्याच्या उत्तराला संरक्षण यंत्रणा म्हणणे बरोबर होणार नाही. पण काहीही पणाला लागलेले नसताना मन इतक्या सफाईने कारण जुळवू शकत असेल, तर लाज वाटण्यासारखे काही समोर उभे ठाकल्यावर ते काय करत असेल, हा विचार माझ्या मनातून हटत नाही.

आता त्या दिवसाविषयी.

दुपारी मला कळले होते की ज्या पदासाठी मी चार वर्षे वाट पाहत होतो ते माझ्यानंतर नोकरीला लागलेल्या सहकाऱ्याला मिळाले. त्यासाठी एक लेखी परीक्षा होती. तिचे पुस्तक आपल्या कपाटाच्या वरच्या कप्प्यात होते, आणि त्याच्या पहिल्या चाळीस-पन्नास पानांपुढची पाने कोरी करकरीत होती, हे मला माहीत होते. मी घरी आलो तेव्हा तू जमिनीवर पालथी पडून भूमितीची आकृती काढत होतीस. त्रिकोणाचा एक कोन चुकला होता आणि तू तो खोडून पुन्हा काढत होतीस. कागद त्या जागी खरवडून पातळ झाला होता. चूक तुला दिसली होती आणि तू ती दुरुस्त करत होतीस, एवढे मी आज सांगू शकतो. त्या वेळी मी तुझ्या हातून कंपासपेटी ओढली, "आळशी आहेस तू, वेळच्या वेळी काही करायला नको" असे ओरडलो आणि ती भिंतीकडे फेकली. कोनमापकाचे दोन तुकडे झाले. तू रडली नाहीस. तू ते तुकडे गोळा केलेस, जोडून बसतात का ते पाहिलेस आणि चिकटपट्टी शोधायला आत गेलीस.

दुपारचा राग संध्याकाळी तुझ्यावर निघाला, हे विस्थापन. ज्याच्यावर निघायला हवा तिथे तो काढता येत नाही, म्हणून जिथे धोका नाही तिथे तो वळतो. वड्याचे तेल वांग्यावर, असे आपण म्हणतोच. त्या रात्री मी तुझ्या आईला जे सुंदर कारण दिले ते समर्थन. कृती आधी घडते आणि तिचे कारण मागाहून, पण आधीपासूनच होते अशा थाटात येते. या प्रकाराला मनोविश्लेषक अर्नेस्ट जोन्स यांनी १९०८ मध्ये 'रॅशनलायझेशन' हे नाव दिले. इथपर्यंत मी बऱ्याच वर्षांपूर्वी पोचलो होतो, आणि 'कार्यालयातला राग घरी काढला' एवढे कबूल करून माझी सुटका झाली असे मला वाटत होते. आता वाटते की ती कबुलीसुद्धा एक आडोसाच होती. तिच्यात माझ्यावर अन्याय झाला हे गृहीतच धरलेले होते. पद वशिल्याने गेले, असे मी घरात आणि बाहेर सांगत राहिलो, आणि ते कपाटातले पुस्तक मात्र कुणाला दिसणार नाही अशा ठिकाणी हलवले.

या आठवड्यात माझे लक्ष पहिल्यांदाच त्या शब्दाकडे गेले. आळशी. वेळच्या वेळी काही करायला नको. स्वतःची चूक पुन्हा पुन्हा खोडून सुधारणाऱ्या मुलीला तो शब्द कुठल्याच बाजूने लागू नव्हता. तो ज्याला लागू होता तो माणूस तिच्यासमोर उभा होता. स्वतःत जे पाहवत नाही ते दुसऱ्यात दिसू लागणे याला प्रक्षेपण म्हणतात. चोराच्या मनात चांदणे, ही म्हण त्याच्या अगदी जवळची. आपल्या भाषेने या सगळ्या युक्त्या फार पूर्वी ओळखल्या होत्या. नाचता येईना अंगण वाकडे, कोल्ह्याला द्राक्षे आंबट, स्वतःच्या डोळ्यातले मुसळ आणि दुसऱ्याच्या डोळ्यातले कुसळ, या म्हणी आपण शाळेतच शिकतो. तरी यांतली एकही म्हण कुणी स्वतःला उद्देशून वापरल्याचे मी आजवर ऐकलेले नाही. त्या नेहमी शेजाऱ्यासाठी असतात. ज्ञान असूनही ते आतल्या दिशेने वळत नाही, हीच या यंत्रणेची खरी ताकद आहे.

आणखी एक गोष्ट लिहिणे मला जड जात आहे. त्या प्रसंगानंतर कितीतरी महिने तू मला खरोखरच हलगर्जी दिसू लागलीस. असे का होते याचा अंदाज १९५९ च्या एका प्रयोगातून येतो. मानसशास्त्रज्ञ लिऑन फेस्टिंगर आणि जेम्स कार्लस्मिथ यांनी विद्यार्थ्यांना तासभर अत्यंत कंटाळवाणे काम करायला लावले आणि नंतर बाहेर थांबलेल्याला ते काम मजेचे आहे असे सांगायला लावले. त्यासाठी काहींना २० डॉलर दिले, काहींना फक्त १ डॉलर. पुढे खरे मत विचारल्यावर १ डॉलर मिळालेल्यांनीच ते काम अधिक आवडल्याचे सांगितले. २० डॉलरवाल्यांकडे आपल्या खोटेपणाला पुरेसे कारण होते. १ डॉलरवाल्यांकडे ते नव्हते, म्हणून त्यांचे मतच बदलले. माझ्याकडेही पुरेसे कारण नव्हते. एका त्रिकोणाच्या कोनासाठी एवढा राग कुणालाच पटला नसता, मलाही नाही, म्हणून माझ्या मनाने तुझा दोष मोठा करून घेतला. तुझी चूक खरोखरच मोठी असती तर कदाचित मी तुला लवकर माफ केले असते. ज्याच्यावर आपण अन्याय केला त्याच्याविषयी आपले मत वाईट होत जाते, हे उलटे गणित मी तुझ्यावर वापरले, आणि त्याची किंमत तू भरलीस.

हे सारे वेळीच ओळखता येते का? मला वाटते, समोरासमोर नाही. फक्त मागे राहिलेल्या खुणांवरून. राग कारणापेक्षा मोठा असला की तो दुसरीकडून आलेला असतो, ही त्यांतली सोपी खूण. माझ्या बाबतीत त्याहून उपयोगी ठरली ती कारणांची संख्या. खऱ्या कारणाला सोबत लागत नाही. वशिला होता, परीक्षक पक्षपाती होता, त्या वर्षी माझी तब्येत बरी नव्हती, आणि तसेही मला ते पद फारसे नकोच होते, अशी चार कारणे मी एका दमात सांगत असे, आणि चौथे पहिल्या तिघांना खोटे पाडते आहे हे माझ्या कानाला कधी खटकले नाही.

तरीही या यंत्रणांचा तिरस्कार करू नकोस. घरातले माणूस गेल्याची बातमी ऐकून 'नाही, हे खरे नाही' म्हणणाऱ्या माणसाला तो नकार काही घटका तरी उभे ठेवतो, आणि तेवढा वेळ त्याला मिळायलाच हवा. मनोविकारतज्ज्ञ जॉर्ज व्हेलंट यांनी हार्वर्डमध्ये १९३८ साली सुरू झालेल्या दीर्घ अभ्यासातील पुरुषांच्या आयुष्यांचे अनेक दशके निरीक्षण केले आणि या यंत्रणांची अपक्व ते परिपक्व अशी पायरीवार मांडणी केली. दुखणारी गोष्ट जाणूनबुजून बाजूला ठेवून ठरलेल्या वेळी तिच्याकडे परत येणे, विनोद, दुसऱ्यासाठी काही करण्यात आपले दुःख लावणे, या त्यांच्या मते वरच्या पायऱ्या. मला त्यातला परत येण्याचा भाग महत्त्वाचा वाटतो. मीही तो विषय बाजूलाच ठेवला होता, परतलो मात्र नाही.

आणि ही नावे कळल्यावर ती दुसऱ्यांवर चालवण्याचा मोह होतो, त्यापासून जप. भांडणात समोरच्याला 'तू प्रक्षेपण करतो आहेस' असे सांगणे बहुतेक वेळा स्वतःकडे न पाहण्याचाच आणखी एक मार्ग असतो. कुणाचा आडोसा ओढून काढायचा अधिकार आपल्याला नसतो. त्याच्यामागे काय आहे आणि ते उघडे पडल्यावर त्याला कोण सांभाळणार, हे आपल्याला माहीत नसते. तू रविवारी माझा आडोसा ओढला नाहीस. एक प्रश्न विचारलास, उत्तर ऐकून घेतलेस आणि "हं" म्हणालीस. माझे काम त्या एका अक्षराने झाले.

तर त्या दिवशी एवढे काय झाले होते, याचे माझे उत्तर असे की मी अभ्यास केला नव्हता आणि तू करत होतीस. तुझी चूक नव्हती. मी तुझी क्षमा मागतो.

तो कोनमापक चिकटपट्टी लावून तू वर्षभर वापरलास, नवा मागितला नाहीस, असे मला आठवते. पण या प्रसंगाबाबत माझ्या आठवणीवर मी आता फारसा विसंबत नाही. तुला त्या संध्याकाळचे काय काय आठवते ते मला सविस्तर लिही. मी सांगितल्यापेक्षा वेगळे असेल तेही लिही. घाई नाही.

तुझे
बाबा