मंत्रीसाहेब, बोट नसलेला मच्छिमार कुठल्या रकान्यात लिहायचा?

मा. मत्स्यव्यवसाय मंत्री,
नमस्कार साहेब. मी ऐरोलीच्या बाजूच्या एका कोळीवाड्यातला. आमच्या मावशीकडे बोट नाही, कधीच नव्हती. ओहोटी लागली की ती मांडीभर चिखलात उतरते, बिळात लोखंडी आकडा घालते, चिंबोरी, म्हणजे खाडीतला खेकडा, चावायच्या आत दोरीने नांग्या बांधते आणि टोपलीत टाकते. दोन बोटांवर जुने वण आहेत. मागे एका सरकारी ऑफिसात फॉर्म भरायला गेलो, तिथे पहिलाच रकाना बोटीच्या नोंदणी नंबरचा. रिकामा ठेवला, फॉर्म परत आला.

निसर्ग, तौक्ते ही चक्रीवादळं येऊन गेली तेव्हा बोटी आणि जाळ्यांचे पंचनामे झाले, ते बरोबरच होतं. पण मावशीचं जे बुडालं ते मोजायचं कशात? आता तर वादळही लागत नाही, दोन दिवसात महिन्याचा पाऊस पडतो, खाडीचं पाणी गोडं होतं आणि चिंबोरी बिळ सोडून निघून जाते. (वरून शहराचं सांडपाणी येतं ते वेगळंच.)

२०१७ ची कांदळवन (खाडीकाठची खारफुटी) उपजीविका योजना चांगली आहे हे मान्य. खेकडापालन, कालवं, पिंजऱ्यातला जिताडा मासा, गटाला ९० टक्के अनुदान, अजून काय पाहिजे? पाहिजे ते असं की खेकडा विकण्याइतका मोठा व्हायला सहा-आठ महिने लागतात, कात टाकली की एकमेकांना खातात ते वेगळं, आणि रोज टोपली विकून संध्याकाळचे तांदूळ आणणाऱ्या बाईने तेवढे दिवस चूल कशावर पेटवायची? अनुदानातून जाळी येते, बीज म्हणजे खेकड्याची पिल्लं येतात, तांदूळ येत नाहीत. म्हणून गट कागदावर बायकांचा आणि खेकडापालनाचा तलाव ज्याच्या खिशात पैसा त्याचा, असं होऊ शकतं.

एप्रिल २०२५ मध्ये तुम्ही मासेमारीला शेतीचा दर्जा दिलात. मग हाताने मासे-चिंबोऱ्या धरणाऱ्यांची गावनिहाय नोंद करा, बोटीची अट न घालता मच्छिमाराचं कार्ड द्या, आणि पहिलं पीक निघेपर्यंत गटातल्या बायकांना तलावाच्या कामाची रोजची मजुरी द्या. अतिवृष्टीत तलाव गेला तर दुसऱ्या बीजाचे पैसेही त्यातच धरा.

फ्लेमिंगो बघायला पाहुणे येतात तसे एकदा तुम्ही पण या. अमावस्येला सकाळी सहाच्या सुमारास पाणी पार उतरलेलं असतं. गमबूट आणू नका, चिखलात अडकतात.