जुन्या गाडीतला पेट्रोलचा वास

महोदय,

जुन्या गाडीत पेट्रोलचा वास यायचाच, हा समज घातक आहे. वास टाकी काठोकाठ भरल्यावरच येत असेल, तर दोष टाकीच्या वरच्या भागात शोधा: झाकणाचा वॉशर, पेट्रोल भरण्याच्या नळीचा रबरी जोड, फ्लोट युनिटचे (टाकीतल्या पेट्रोलची पातळी दाखवणाऱ्या भागाचे) गॅस्केट किंवा तडकलेली हवेची नळी. गरम इंजिन बंद केल्यावर येत असेल, तर कार्बोरेटरचा नीडल व्हॉल्व्ह (त्यात येणारे पेट्रोल अडवणारी झडप) तपासा. इथेनॉलमिश्रित पेट्रोलने जुने रबर खराब होते. बाहेरून धड दिसणारी नळीही वाफ झिरपू देते. म्हणून सगळ्या नळ्या एकदमच बदला, त्याही एसएई जे३० आर९ (इंधनाच्या नळ्यांचे एक मानक) दर्जाच्या. जुनीच नळी ठेवून तिचा क्लॅम्प (जोडावर आवळायची पट्टी) जास्त आवळला तर कुजकी नळी कापलीच जाते. कामाआधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा, काम मोकळ्या हवेत करा.

– एक वाचक