असल्या मालिका अजून हव्यात

संपादक साहेब,
१९९८ ला दूरदर्शनवर लागायची ती केतन मेहतांची अवकाशातली विज्ञान-मालिका 'कॅप्टन व्योम' मी हल्ली रात्री जेवणं उरकली की मोबाईलवर परत बघतोय, चारचौघात सांगायला जरा अवघड वाटतं पण आवडते म्हणजे आवडते. विज्ञानाच्या नावानं बोंबच आहे, अवकाशात हवाच नाही तर आवाज कुठून येणार, तरी स्फोट दणादण ऐकू येतात, सेट तर पुठ्ठ्याचे वाटतात. पण मिलिंद सोमण इतक्या मनापासून खलनायकांच्या मागे लागतो ना, की उठवतच नाही. सासू-सुनांच्या भांडणांपेक्षा हे लाख पटीनं बरं. चॅनलवाल्यांनी मराठीत असलं काही करावंच, आमच्या खान्देशातली पोरं भरीत-भाकरीचं ताट घेऊन टीव्हीसमोर बसतील.
– एक वाचक, भुसावळ